गोष्ट घाट कशी उतरते?

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरला गाड्या चहापाण्यासाठी थांबतात. मग कुणी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, कुणी कशेडीकडून खेड-चिपळूणला लागतो. गाव तसे वाटेवरचे. पण शिवाजी महाराजांचे चरित्र संस्कृत महाकाव्यात गुंफणारे कवींद्र परमानंद याच गावी विसावले आहेत. त्यांची समाधी इथे आहे.

परमानंदांच्या ‘शिवभारता’ची सुरुवातच विलक्षण आहे. कवी स्वतः काव्यात येतो. तो काशीला जातो, गंगेच्या तीरावर पंडित जमतात आणि त्याला शिवाजीराजाची कथा सांगण्याचा आग्रह करतात. म्हणजे पहिली घटना घडण्याआधीच श्रोते जमलेले आहेत, त्यांचे प्रश्न ठरलेले आहेत आणि कवी बोलायला बसला आहे! आज पुस्तकाचा प्रकाशन समारंभ पुस्तक छापून झाल्यावर होतो. परमानंदांनी तो ग्रंथातच मांडला. आपल्या शब्दाला ऐकणारा हवा, ही ओढ साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राजकवीलाही होती.

या काव्याचा पुढचा प्रवास तर कादंबरीलाही मागे टाकील. बत्तिसावा अध्याय जेमतेम सुरू होतो आणि काव्य तुटते. हस्तलिखित सापडले ते दूर दक्षिणेत, तंजावरच्या सरस्वती महालात. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते मराठी भाषांतरासह संपादित केले आणि 1927 मध्ये ते पुण्यात छापून निघाले. सावित्रीच्या खोऱ्यात विसावलेल्या कवीचे शब्द मराठी वाचकाच्या हाती आले ते कावेरीच्या काठावरून.

गोष्ट लिहून झाली की पुढे काय होते? ती ऐकणाऱ्यापर्यंत, वाचणाऱ्यापर्यंत पोचवतो कोण? महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत फिरले तर या प्रश्नाची इतकी उत्तरे सापडतात की थक्क व्हायला होते.

पहिले उत्तर शाहिरांचे. पोलादपूरजवळचे उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. वर घाटमाथ्याच्या अंगाला प्रतापगड. तानाजींच्या सिंहगडावरच्या लढाईचा पोवाडा तुळशीदास शाहिराचा, अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा. छापखाना नाही, दुकान नाही. डफ, तुणतुणे आणि खणखणीत गळा एवढेच भांडवल. पण शाहिराने एक गोष्ट पक्की केलेली असते. तो आपले नाव कवनातच ओवतो. पोवाडा कुणीही गावो, कुठेही गावो, नाव सुटत नाही. बक्षीस म्हणून घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाल्याचे अज्ञानदासाने पोवाड्यातच सांगून ठेवले आहे. लेखकाचे नाव, त्याची बिदागी आणि पुढच्या आश्रयदात्याला मिळणारा इशारा, तिन्ही एकाच कवनात! हे पोवाडे तोंडोतोंडी इतके टिकले की हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते जमवून 1891 मध्ये छापले, तेव्हा मूळ प्रसंगांना दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

दुसरे उत्तर महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या बाजूला शिवथरघळीत मिळते. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये ही घळ शोधून काढली. पावसाळ्यात शेजारी धबधबा कोसळत असतो आणि त्याचा आवाज घळीत भरून राहतो. अशा ओल्या जागी कागद सांभाळायचा कसा?

त्याचे उत्तर ‘दासबोधा’तच आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे. अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे असावे, जणू सारा ग्रंथ एकाच लेखणीने उतरला आहे. पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. निरनिराळ्या प्रांतांतले बोरू जमवावेत. पोथीसाठी बासने, मेणकापड, पेट्या, कुलपे असावीत. आज आपण ज्याला मांडणी, पानाचा समास आणि पॅकिंग म्हणतो ते सगळे या एका समासात आले आहे. समासाची कोरी पट्टी शोभेसाठी असते असे आपण समजतो. मुळात ती कागदाच्या मरणाचा विचार करून सोडलेली जागा आहे. साडेसात हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ पुढे मठामठांतून नकलून घेतला गेला. जो नक्कल करी तोच वाचक, तोच प्रकाशक आणि पोथी घेऊन वाट तुडवणाराही तोच.

मग छापखाना आला. हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘उषःकाल’ या त्यांच्या कादंबऱ्या त्यातून हप्त्याहप्त्याने लोकांपुढे आल्या. पहिल्या कादंबरीतल्या यमूचे पुढे काय झाले हे कळायला वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. कादंबरीकाराने स्वतःच्या गोष्टीसाठी स्वतःचे पत्र चालवायचे, वर्गणीदार राखायचे आणि आठवड्याच्या आठवड्याला मजकूर पुरवायचा, हा खटाटोप त्यांनी वर्षानुवर्षे केला. उमरठच्या तानाजींना ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत त्यांनीच आणले. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. तिथे प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता, कथेचा नव्हता. पण आपला शब्द जायचा तर वाटही आपणच बांधली पाहिजे, हे या पत्रानेही दाखवले.

आणि आज? समजा पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला कुणी कादंबरी लिहून स्वतःच छापायची ठरवतो. त्याची कामे मोजायला घेतली तर परमानंदांपासून आपट्यांपर्यंतच्या सगळ्यांचे उद्योग त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडलेले दिसतात. आधी पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक घ्यायचा. तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मग अक्षरजुळणी. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून प्रूफ ओळ न् ओळ वाचावे लागते. समर्थांनी पोथीची नक्कल करणाऱ्याला घालून दिलेली शिस्त इथे लेखकाच्या वाट्याला येते.

पुढे हिशेब. समजा किंमत 250 रुपये ठेवली आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली, तर हातात 150 उरतात. थोड्या प्रती छापल्यामुळे प्रत 110 रुपयांना पडली, तर राहिले 40. त्यातून पाकीट, टपाल आणि भेट दिलेल्या प्रती वजा करायच्या. म्हणूनच हा लेखक हातोहात विकायचे पाहतो. त्याचे वर्ष कोकणाच्या पंचांगावर चालते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. मुंबईत राहणारा पण गावाचे नाव निघाले की कान टवकारणारा वाचक तेव्हा दारात असतो. दिवाळी अंकांसाठी कथा मात्र भर पावसातच पाठवायच्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही रीत पाडली, ती अजून चालू आहे.

त्या पावसाचे भान इथे कायम ठेवावे लागते. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते. गठ्ठे जमिनीवर ठेवायचे नाहीत, प्रत आधी प्लॅस्टिकमध्ये आणि मग पुठ्ठ्यात बांधायची. मेणकापडाची जागा प्लॅस्टिकने घेतली, काळजी तीच.

रात्री हाच लेखक मोबाइल उघडून पुढचे प्रकरण ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी टाकतो. 2014 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या या मंचावर मराठी कथामालिका भागाभागाने वाचल्या जातात. वाचक तिथल्या तिथे विचारतो, पुढचा भाग कधी? ‘करमणूक’च्या वाचकाला आठवडा थांबावे लागे, इथे प्रश्न काही मिनिटांत येतो, पण उत्कंठा तीच. 2016 पासून किंडलवरही मराठी पुस्तके येऊ लागली. मग व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ टाकायचे, शाळेत जाऊन गोष्ट सांगायची, सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना भेटायचे. 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रात अनुदानित वाचनालयांचे जे जाळे उभे राहिले, ते छोट्या लेखकाचा मोठा आधार आहे. तिथे गेलेली एक प्रत अनेक घरांत फिरून येते.

पुस्तकांविषयीच्या कायद्यांतली एक तरतूद मला फार भव्य वाटते. 1954 च्या कायद्याप्रमाणे देशात जो कुणी पुस्तक प्रकाशित करील, त्याने एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापणारा लेखक हाच प्रकाशक, म्हणून हे काम त्याचेच. पोलादपूरच्या टपाल कचेरीत वजन करून तिकिटे लावलेले पाकीट अशा ग्रंथालयात पोचते, जिथे पुस्तक जपून ठेवणे हेच काम आहे. परमानंदांचे काव्य तंजावरच्या ग्रंथालयात राहिले म्हणून वाचले. आजच्या नवख्या कादंबरीकारालाही तसे घर मिळण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे.

आपल्याकडे एक समजूत रुजली आहे की खरा लेखक फक्त लिहितो. पुस्तक खांद्यावर घेऊन फिरणे त्याला शोभत नाही. या दोन तालुक्यांशी जोडलेला इतिहास नेमके उलटे सांगतो. शाहिराने कवनात नाव ओवले, कवीने काव्यात श्रोते बसवले, समर्थांनी पोथीच्या बासनाची चिंता केली, आपट्यांनी वर्गणीदार सांभाळले. शब्द वाचकाच्या हाती पडेपर्यंत यांच्यापैकी कुणीही आपले काम संपले असे मानले नाही. गणपतीत कुणी ओळखीचा संकोचाने पिशवीतून स्वतःचे पुस्तक काढील, तेव्हा तो याच रांगेतला आहे हे ध्यानात ठेवावे. प्रत फुकट मागू नये. ती पूर्ण किमतीला विकत घ्यावी, वाचावी आणि कशी वाटली ते त्याला मोकळेपणाने सांगावे.