कड्याजवळ बिऱ्हाड

घर बघायला निघालेली माणसं काय विचारतात, हे बँकेत कर्जाचे कागद तपासता तपासता मी तीस-बत्तीस वर्षं ऐकलं आहे. पाणी किती वेळ येतं, शाळा जवळ आहे का, दार पूर्वेला आहे ना! पण ‘मामा, इथून कातळ किती लांब?’ असं विचारणारं गिऱ्हाईक आमच्याच घरात निघावं, याची मला कल्पना नव्हती.

हा माझा भाचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. करोनानंतर महिन्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवलं की त्याचं भागतं. कॉलेजात असल्यापासून त्याला प्रस्तरारोहणाचं वेड. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी एखादा सुळका चढायचा आणि सोमवारी सोललेली बोटं घेऊन कामावर हजर, असा पंधरा वर्षांचा क्रम. आता त्याचं म्हणणं असं, की फ्रान्समधल्या शामोनीला, इंग्लंडातल्या शेफील्डला लोक चढाईसाठी मुद्दाम राहायला जातात. मग आपण अकोले तालुक्यात का जाऊ नये? (विदर्भातलं अकोला नव्हे. आमच्या नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले.)

मला बरोबर घेण्याचं कारण, १९८९ पासून तीन वर्षं मी राजूरच्या शाखेत होतो. म्हशींसाठी कर्जं वाटायची आणि मग त्या म्हशी शोधत हिंडायचं, हे आमचं काम. तेव्हा एस.टी.तून मुंबईची पोरं खांद्यावर दोरांची वेटोळी घेऊन उतरायची. आमचा शिपाई म्हणायचा, ‘साहेब, एवढ्या दोराला म्हशी किती असतील यांच्याकडं?’

मे महिन्यात आम्ही दोघं निघालो. पहिलं गाव पाचनई, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं. गड १४२४ मीटर उंच, आणि त्याच्या पश्चिमेला तो प्रसिद्ध कोकणकडा. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. मला वाटलं, झालं काम, इथेच दोन खोल्या बघू. भाचा हसला. ‘मामा, चढाई खालून सुरू होते. पाचनईहून मी कड्याच्या डोक्यावर पोचणार. पायथा आहे बेलपाड्याला.’ आणि बेलपाडा ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात! गाडीनं जायचं तर माळशेज घाटाचा वळसा. म्हणजे कडा एकच, पण त्याचा माथा एका जिल्हाधिकाऱ्याकडे आणि पाय दुसऱ्याकडे. साम्रदच्या सांदण दरीचंही तेच. ती उतरून गेलं की माणूस शहापूर तालुक्यात निघतो. सह्याद्रीच्या धारेवर राहणाऱ्यानं वर राहायचं की खाली, हे आधी ठरवायला हवं, हा धडा मला पासष्टाव्या वर्षी मिळाला.

मग घाटघर पाहिलं. तिथून अलंग, मदन, कुलंग हाकेच्या अंतरावर. पण पाऊस! घाटघरचा पाऊस मी पाहिला आहे. जूनपासून पुढे चार महिने तिथे कपडे वाळत नाहीत, तर कातळ कुठून वाळणार? आपला कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. एक थर पोलादासारखा, तर त्याच्या वरचा मुठीत चुरा होणारा. मधल्या टप्प्यांवर गवत. ते वाळलं की पाय घसरलाच. बदामीचा वालुकाश्म किंवा हंपीचा ग्रॅनाइट यांवर बोटं रोवून वर जाता येतं. आपल्याकडे प्रत्येक खोबणीला आधी मुठीनं ठोकून विचारावं लागतं, ‘आहेस का घरात?’ भाच्याचे शब्द. शिवाय आग्या मोहोळांची वस्ती वेगळीच.

जानेवारी २०२० मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा कोकणकड्यावरच अपघाती मृत्यू झाला. उभा जन्म सह्याद्रीत घालवलेला माणूस. ती बातमी आमच्या ताईनं वर्तमानपत्रातून कापून ठेवली आहे. लेकाला दाखवत नाही, पण टाकतही नाही. या निवडीत तिला कोणी मत विचारलेलं नाही, हेही इथे नमूद करतो.

एका गावात एक मध्यस्थ भेटला. दहा गुंठे, समोर कडा, किंमत पुण्यातल्या पार्किंगएवढी. जमीन महादेव कोळी कुटुंबाची. ‘कागद नंतर बघू, तूर्त स्टँपपेपरवर लिहून घेऊ,’ म्हणाला. भाच्याचे डोळे कड्यावरून हलेनात. माझ्यातला बँकवाला मात्र जागा झाला. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, असा कायदा १९७४ पासून आहे. त्यातून शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. वर या भागात १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. हे सगळं मी सांगितलं, तर तो म्हणाला, ‘पण मामा, ते स्वतःच द्यायला तयार आहेत.’

तयार असतातच. सावकाराचा तगादा असतो, मुलीचं लग्न असतं. वसुलीच्या फेऱ्यांत मी अशा ‘तयार’ माणसांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो आहे. कधी काळी ज्याचा सातबारा होता, तोच मग त्या जमिनीवर रोजानं राबताना दिसतो. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. राजूरला पेढे घेतले, तेही मुकाट्यानं.

निकाल लावला तो सूनबाईनं. तिनं नकाशा पुढ्यात ओढला आणि चारच प्रश्न विचारले: डॉक्टर कुठे, शाळा कुठे, इंटरनेट कुठे आणि गिरणी कुठे? ‘कडा काही तुम्ही रोज चढणार नाही. दळण आठवड्याला लागणार.’ त्यावर भाचा गप्प. कड्यावर काही झालं तर आधी धावून येतात ती पायथ्याच्या गावातली माणसं, हे तोही कबूल करतो. पण पुढे चांगलं रुग्णालय गाठायचं तर संगमनेर किंवा नाशिक. नगर तर शंभर किलोमीटरच्याही पलीकडे.

शेवटी राजूरलाच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, अकरा महिन्यांच्या करारावर. समोर कडा नाही. खिडकीतून शेजारच्यांचा गोठा दिसतो. रतनगड, कळसूबाई, पाचनई या सगळीकडे सकाळी निघून जाता येतं, एवढ्यावर भाच्यानं समाधान मानलं. ताई अजून तिकडे गेलेली नाही. दिवाळीत येईन म्हणते.

सामान लावताना घरमालकीण आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. दोरांची वेटोळी बघून म्हणाल्या, ‘एवढे दोर कशाला रं भाऊ?’ त्यानं समजावून सांगितलं. आजींनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘यातला एखादा जुना असंल तर दे की. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात लई खाली जातं.’ एक दोर होता. वय झाल्यामुळे कड्यावर वापरायचा नाही म्हणून बाजूला काढलेला. आता तो लाल-निळा दोर त्यांच्या रहाटावर आहे.