सोसायटीची खतावणी ‘क्लाऊड’वर नेताना...

चंद्रपूर, प्रतिनिधी

शेतकऱ्याचे पीककर्ज, त्याचे भागभांडवल आणि त्याच्या नावावरील थकबाकी यांचा हिशेब वर्षानुवर्षे गावच्या विविध कार्यकारी सहकारी संस्थेच्या कपाटात राहत आला आहे. जेथे संगणक आला, तेथेही तो त्या एका यंत्रातच बंदिस्त राहिला. केंद्र सरकारच्या संगणकीकरण प्रकल्पामुळे या खतावण्या ‘क्लाऊड’वर, म्हणजे इंटरनेटद्वारे वापरावयाच्या दूरच्या सामायिक सर्व्हरवर, नेल्या जात आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत या स्थलांतराचे यश मात्र सर्व्हरच्या क्षमतेपेक्षा गावपातळीवरील पूर्वतयारीवर अधिक अवलंबून आहे.

प्रकल्प काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाच्या अर्थविषयक समितीने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. पुढे संस्थांची संख्या वाढविण्यात आली. महाराष्ट्रातील १२,००० संस्थांचा पहिल्या टप्प्यात समावेश झाला. ‘नाबार्ड’च्या देखरेखीखालील या प्रकल्पात सर्व संस्थांसाठी एकच सॉफ्टवेअर असून, त्याद्वारे गावची सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँक, राज्य सहकारी बँक आणि ‘नाबार्ड’ यांच्याशी जोडली जावी, असा उद्देश आहे.

काही राज्यांतील संस्थांकडे स्वतःचे सॉफ्टवेअर आधीपासून होते. पण त्यांत एकसारखेपणा नव्हता आणि ते बँकांशी जोडलेलेही नव्हते. ज्या राज्यांनी हे काम पूर्वीच पूर्ण केले होते, त्यांनी सामायिक सॉफ्टवेअर स्वीकारल्यास वा त्याच्याशी जोडून घेतल्यास प्रतिसंस्था ५०,००० रुपयांची भरपाई देण्याची तरतूद करण्यात आली. यंत्रसामग्री निकषात बसणे आणि जुने सॉफ्टवेअर १ फेब्रुवारी २०१७ नंतर सुरू झालेले असणे, या त्यासाठीच्या अटी होत्या.

या दोन जिल्ह्यांत विषय केवळ कर्जापुरता नाही. आदिवासीबहुल भागात आदिवासी विविध कार्यकारी संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘आविका’ संस्था, आदिवासी विकास महामंडळासाठी हमीभावाने धानखरेदी करतात. त्यामुळे येथील एक चुकीची नोंद कर्जखाते आणि धानाचे चुकारे या दोहोंना अडवू शकते.

नेमके काय बदलते?

संस्थेच्या संगणकात सॉफ्टवेअर असते तेव्हा माहितीची प्रत ठेवणे, यंत्र दुरुस्त करणे आणि विषाणूंपासून त्याचे रक्षण करणे ही सारी जबाबदारी संस्थेची असते. वीज पडून यंत्र जळाले आणि दुसरी प्रत नसेल, तर हिशेबही गेला. क्लाऊडमध्ये ही जबाबदारी सर्व्हर चालविणाऱ्याकडे जाते. नोंद खरी आहे की नाही, ही जबाबदारी मात्र संस्थेकडेच राहते.

सुरक्षेबाबतही दोन्ही बाजू ध्यानी घेतल्या पाहिजेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून भामट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. दुसरीकडे, जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे देयक व्यवहार तात्पुरते थांबले. म्हणजे स्वतःची यंत्रणा आपोआप सुरक्षित नसते आणि सामायिक यंत्रणेतील बिघाड एकाच वेळी अनेकांना भोवतो.

आधी हिशेब जुळवावा

स्थलांतरातील सर्वांत वेळखाऊ काम संगणकाचे नसून लेखापालाचे असते. एक तारीख निश्चित करून त्या दिवसाची प्रत्येक सभासदाची मुद्दल, व्याज आणि भागभांडवल यांची शिल्लक काढावी लागते. तिची बेरीज संस्थेच्या ताळेबंदाशी आणि पुढे जिल्हा बँकेच्या खात्याशी पडताळावी लागते.

येथेच सहकारातील जुने दुखणे वर येते. संस्थेचे बँकेला असलेले देणे हे सभासदांकडून संस्थेला असलेल्या येण्यापेक्षा अधिक असते, तेव्हा त्या फरकास ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. नवे सॉफ्टवेअर ही तफावत दूर करीत नाही. आकडे जुळावेत म्हणून ती एखाद्या सभासदाच्या खात्यात किंवा किरकोळ खात्यात दडविण्याचा मोह मात्र होऊ शकतो. ती स्वतंत्रपणे दाखवून, लेखापरीक्षकाची सही घेऊनच पुढे नेणे श्रेयस्कर.

नावांचा घोळ

जुन्या सॉफ्टवेअरमधील बरीच मराठी माहिती युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरलेली असते. ती जशीच्या तशी हलविल्यास नावांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. रूपांतर केल्यावरही जोडाक्षरे बिघडतात. त्यात एकाच गावात आत्राम, मडावी, उसेंडी अशा आडनावांची अनेक कुटुंबे, सिरोंचा भागातील तेलुगू नावे आणि मुलचेरा-चामोर्शी परिसरातील बंगाली नावे. ‘विश्वास’ आणि ‘बिस्वास’ ही एकाच माणसाची दोन खाती ठरू शकतात. त्यामुळे नावावर विसंबून न राहता सभासद क्रमांक, आधार आणि सातबारा यांच्या आधारे खाती पडताळावी लागतात.

नोंदी न जुळण्याची किंमत राज्याने पाहिली आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ बसेना, तेव्हा कर्जमाफीच्या याद्या रखडल्या होत्या.

मुहूर्त कोणता?

हिशेबाच्या दृष्टीने १ एप्रिल हा सोयीचा दिवस. पण त्याच सुमारास खरिपाच्या कर्जवाटपाची लगबग सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो. दिवाळीच्या आगेमागे धानखरेदी सुरू होते. उरतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरचा अरुंद काळ. ३१ मार्चच्या लेखापरीक्षित शिलका पायाभूत धरून या काळात बदल करता येतो. त्यासाठी एप्रिलपासूनच्या नोंदी नव्या प्रणालीत पुन्हा भराव्या लागतात. ते श्रम हंगामातील खोळंब्यापेक्षा परवडणारे आहेत.

किमान एक महिना जुनी व नवी पद्धत समांतर चालवावी. वीस-पंचवीस खात्यांचे व्याज हाताने काढून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहावेत. फरक आढळल्यास त्याचे कारण कळेपर्यंत जुनी पद्धत बंद करू नये.

जाळे तुटले तर?

घनदाट जंगलाच्या एटापल्ली, भामरागड, कोरची यांसारख्या तालुक्यांत वीज व मोबाइलचे जाळे खंडित होणे हे गृहीत धरूनच योजना आखावी लागते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिमकार्ड, बॅटरीची सोय आणि क्रमांकित छापील पावतीपुस्तक हे तिचे किमान भाग. जाळे नसताना दिलेली प्रत्येक पावती, जाळे येताच, ज्या दिवशी पैसे स्वीकारले त्याच तारखेने नोंदली जाईल, हे लेखी ठरवून घ्यावे. मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्यालाच व्याज सवलत मिळते. पैसे वेळेवर भरूनही नोंद उशिराची दिसली, तर शेतकरी विनाकारण थकबाकीदार ठरेल.

पासवर्ड कोणाकडे?

एकच गटसचिव अनेकदा एकाहून अधिक संस्थांचे काम पाहतो. अशा वेळी पासवर्ड खासगी ऑपरेटरच्या हाती जाण्याचा धोका असतो. नोंद करणारा आणि तिला मंजुरी देणारा अशा दोन व्यक्ती वेगळ्या हव्यात. सचिवाची बदली होताच त्याचा प्रवेश बंद झाला पाहिजे. प्रणालीशी जोडलेला मोबाइल क्रमांकही व्यक्तीचा न ठेवता संस्थेचा असावा. सभासदांचे आधार व खात्यांचे तपशील हाताळताना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही भान ठेवावे लागेल.

स्थलांतरानंतर जुना संगणक लगेच भंगारात काढू नये. त्यातील माहितीची प्रत दोन ठिकाणी ठेवून, किमान पुढील लेखापरीक्षण पार पडेपर्यंत तो चालू स्थितीत ठेवणे इष्ट. सभासदनिहाय खतावणीची छापील, सहीशिक्क्याची प्रतही काढून ठेवावी.

या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत स्वस्त तपासणी सभासदाच्या हाती आहे. माहिती हलविण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या शिलकीची छापील चिठ्ठी देऊन सही घ्यावी आणि नव्या प्रणालीतून निघालेला उतारा तिच्याशी ताडून पाहण्यास सांगावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवावा. हरकत नोंदविण्यासाठी पुरेशी मुदतही द्यावी. शहरातील पतसंस्था किंवा व्यापारी पेढी आपले सॉफ्टवेअर क्लाऊडवर नेणार असेल, तर तिलाही हाच क्रम लागू पडतो. फरक इतकाच, की तेथे चूक झाल्यास ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. दुर्गम गावातील शेतकऱ्याला बहुधा दुसरी सोसायटी नसते.