मातीखालचा महाराष्ट्र : लेखांक सातवा – अंगणात सापडलेले खापर

मागील लेखांकात नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वसाहतींच्या मातीच्या, टेकाडांचा विचार आपण केला. आपली कित्येक जुनी गावे आजही त्याच टेकाडांवर नांदत असल्यामुळे घराचा पाया, शोषखड्डा किंवा झाडासाठी खड्डा खणीत असता कुदळीला एखादे रंगीत खापर लागावे, ही गोष्ट गोदावरी, प्रवरा, भीमा अथवा तापी यांच्या खोऱ्यांत मुळीच अपूर्व नव्हे. असे खापर हाती आले म्हणजे घरची मंडळी ते प्रथम स्वच्छ धुतात आणि मग ‘हे किती जुने असेल?’ म्हणून विचारू लागतात. जिज्ञासा स्वाभाविकच आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर खापरापेक्षा ते ज्या मातीत पडले होते त्या मातीपाशी अधिक असते, हेच प्रस्तुत लेखांकाचे प्रतिपाद्य होय.

खापर स्वतः काहीच सांगत नाही असे नव्हे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाच्या नावाने पुढे एक संपूर्ण संस्कृती ओळखली जाऊ लागली. सुमारे इ. स. पू. १४०० ते ७०० या काळातील या लोकांची उत्तम भांडी चाकावर घडविलेली, पक्की भाजलेली, तांबड्या अंगावर काळ्या रंगाने रेषा व जाळ्या काढलेली असत. पोटाला कंगोरा असलेला वाडगा आणि नळीसारख्या तोटीचे पात्र या त्यांच्या ठळक खुणा होत. तथापि चाकाच्या रेघा तर आजच्या कुंभाराच्या मडक्यावरही उमटतात. आणि खोली म्हणावी, तर एखाद्या महापुराचा गाळ कालचे गाडगेही हातभर खाली लोटू शकतो, अथवा शंभर वर्षांपूर्वी कोणी खणलेल्या पेवातून ते प्राचीन थरांत उतरलेले असू शकते. म्हणून केवळ रंगावरून वा खोलीवरून दिलेला निवाडा ग्राह्य धरता येत नाही.

जागेचे महत्त्व किती असते, हे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावच्या उत्खननाने दाखवून दिले. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे जे काम केले, त्यात घरांच्या जमिनीखाली, उथळ खड्ड्यांत, तोंडाला तोंड भिडवून आडवे ठेवलेले करड्या मातीचे दोन दोन रांजण ठिकठिकाणी आढळले आणि त्यांच्या पोटात तान्ह्या मुलांचे अवशेष होते. मृत अर्भकाला घराबाहेर न काढता घरातच विसावा देण्याची ही रीत त्या रांजणांच्या मांडणीवरून कळली. तेच दोन रांजण कुदळीच्या घावाने फुटून त्यांची खापरे उकिरड्यावर पडली असती, तर त्या रीतीचा मागमूसही लागला नसता.

याच्या उलट दायमाबादचे उदाहरण आहे. प्रवरेच्या काठच्या या गावी १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्यास काशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार वजनदार वस्तू सापडल्या. त्यांचे शिल्पसौंदर्य निर्विवाद. परंतु त्या नेमक्या कोणत्या थरातून निघाल्या याची शास्त्रशुद्ध नोंद त्या क्षणी होऊ न शकल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिला. पुढे १९७५ ते १९७९ पर्यंत तेथे विस्तृत उत्खनन झाले, तरी हरवलेली ती एक नोंद त्यामुळे भरून निघाली नाही.

तेव्हा वाचकांनी करावयाचे ते एवढेच. खापर दिसताच खोदकाम थांबवावे. वस्तू हलविण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे. जमिनीपासूनची खोली, मातीचा रंग, राख, कोळसा, हाडे वा जळके धान्य जवळ आहे काय, हे तारखेनिशी लिहून ठेवावे. भांडे धुऊ नये, कारण त्याच्या अंगाला चिकटलेल्या काजळीवरून आणि अन्नाच्या पुटावरून परीक्षा होऊ शकते. खापर पुन्हा तापवून त्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून ते शेवटचे केव्हा भाजले गेले हे ठरविण्याची जी पद्धत आहे, तिला तर भोवतालची मूठभर मातीही लागते. तुकडे गोंदाने जोडण्याचा मोहही आवरावा.

कायद्याचीही माहिती असावी. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी दिली पाहिजे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो; आणि त्या वर्दीत वस्तूचे स्वरूप व अंदाजी किंमत यांबरोबरच सापडल्याची जागा व तारीख लिहावी लागते. पुरातत्त्वज्ञ जे विचारतो तेच सरकारी दप्तरही विचारते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाय पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. साध्या खापराला बाजारात किंमत नसेलही. तरीसुद्धा तहसील कचेरीत अथवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे कळविण्यात कसूर करू नये.

एका गावकऱ्याच्या आस्थेने काय साधते, हे तेर गावच्या संग्रहालयात जाऊन पाहावे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या, म्हणूनच ते शासकीय संग्रहालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. आपल्या अंगणातही असे काही निघाले, तर ते उचलण्यापूर्वी त्याची जागा कागदावर उतरवून घ्या, एवढीच वाचकांना कळकळीची विनंती. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याच्या प्रघाताने प्राचीन वसाहतींची काय हानी झाली, याचा विचार पुढील लेखांकी करू.