रॉटरडॅमची चौकी निफाडच्या बांधावर

जानेवारीत निफाडकडच्या एखाद्या निर्यातीच्या द्राक्षबागेत जा. ऑक्टोबरच्या छाटणीला तीन-साडेतीन महिने झालेले असतात, मण्यांत साखर भरत असते आणि प्रयोगशाळेचा माणूस पिशवी घेऊन ओळींमधून फिरत असतो. इथला एक घड, तिथला एक. सगळे एकाच कोपऱ्यातले घेऊन भागत नाही. पिशवी भरली की सील होते, तिच्यावर प्लॉटचा नोंदणी क्रमांक चढतो. अहवाल पास येईपर्यंत त्या प्लॉटचा माल युरोपसाठी तोडायचा नाही. गिऱ्हाईक तिकडे रॉटरडॅम बंदराच्या पलीकडे, आणि झडती इथे बांधावर. ही उलटी रीत कशी पडली, हे कळायला आधी युरोपने आपल्या आतल्या भिंती कशा पाडल्या ते पाहावं लागतं.

1957 साली सहा देशांनी रोमच्या करारावर सह्या केल्या आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत आपसातली जकात काढून टाकली. तरी माल अडायचा तो अडतच होता, कारण प्रत्येकाचे कायदे वेगळे. पश्चिम जर्मनीत फळांच्या मद्यात किमान 25 टक्के अल्कोहोल लागे. फ्रान्सच्या ‘कासीस द दिजों’त ते 15 ते 20 टक्केच. मद्य सौम्य आहे म्हणून विकायला बंदी! प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. 1979 साली न्यायालयाने सांगितलं, की एका देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवायचा नाही.

सबळ कारणांत लोकांचं आरोग्य मात्र येत होतं, आणि फळांवर उरलेला फवारणीच्या औषधाचा अंश हा आरोग्याचाच मामला. त्यामुळे 1993 च्या 1 जानेवारीला आतल्या सीमांवरच्या जकात तपासण्या उठल्या तरी कित्येक औषधांच्या मर्यादा देशोदेशी निराळ्याच राहिल्या. एका देशात चाललेली पेटी शेजारच्या देशात चालेलच याची हमी नव्हती. 1 सप्टेंबर 2008 पासून सगळ्या युरोपीय संघाला मर्यादांची एकच यादी लागू झाली. तेव्हापासून इटलीतल्या पार्मा शहरातली अन्नसुरक्षा संस्था धोका तपासते, ब्रसेल्सचा आयोग मर्यादा सुचवतो, सदस्य देशांचे प्रतिनिधी मत देतात. फवारणीचं कुठलं उत्पादन आपल्या शेतात वापरू द्यायचं, हा परवाना आजही ज्याचा त्याचा देश देतो. फळावर किती अंश चालेल हा आकडा मात्र एकट्याने ठरवण्याचा अधिकार बर्लिनने सोडला, पॅरिसनेही सोडला.

ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे 100 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. एका कंटेनरमध्ये साधारण 12-13 टन माल बसतो, तेव्हा सात-आठ कंटेनरना मिळून एक ग्रॅम. शेजारच्या बागेतून वाऱ्यावर आलेला तुषारसुद्धा यात पकडला जाऊ शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आत फाटकं उरली नाहीत, म्हणून बाहेरच्या फाटकाचं वजन वाढलं. रॉटरडॅमला उतरलेली पेटी तिथून जर्मनीत, पुढे पोलंडपर्यंत कुठेही न अडता जाऊ शकते. मग एका बंदरात दोष सापडला की इशारा सगळ्या सदस्य देशांना एकदम जातो, आणि बदनामी एका निर्यातदाराची न राहता अख्ख्या देशाच्या मालाची होते. 2003 मध्ये आपली द्राक्षं अशीच औषधांच्या अंशांवरून अडली. ब्रसेल्सने भारतासाठी कायदा केला नव्हता, पण दिल्लीला धोरण बदलावंच लागलं. शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेने अंश-तपासणीचा आराखडा आणला, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे प्रयोगशाळांवर देखरेख आली, आणि 2006-07 च्या सुमाराला ‘ग्रेपनेट’ सुरू झालं. कृषी खात्याकडे प्लॉटची नोंद, नमुना, अहवाल, पॅकहाउस, ॲगमार्क, पीक आरोग्याचा दाखला, सगळं एका साखळीत. पेटीवरच्या क्रमांकावरून उलटं चालत गेलं तर थेट बाग सापडते.

एवढं करूनही 2010 मध्ये ठेच लागलीच. क्लोरमेक्वाट, बागायतदारांच्या तोंडचं ‘सीसीसी’, हे वाढ आवरायचं जुनं औषध. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मारायचं, म्हणजे वेल शेंड्याला न पळता काडीत घड धरते. पुढच्या वर्षी तोडणीपर्यंत त्याचा अंश राहील असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपच्या यादीत होतं. दाखले पास असलेला माल तिकडे अडकला. बागायतदार आणि निर्यातदार दोघांनाही हे जबर महागात पडलं. माझ्या मते खरी चूक कागदाची होती. आपण तपासत होतो आपल्याकडे काय वापरतात याचा अंदाज, आणि ते तपासत होते जे सापडेल ते. नंतर यादी वाढत गेली. आता ती दोनशे औषधांच्या पुढे आहे.

या सगळ्याने गावातली भाषासुद्धा बदलली. शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस ‘एमआरएल’ आणि ‘पीएचआय’ सहज बोलतो. एमआरएल म्हणजे अंशाची कमाल मर्यादा, पीएचआय म्हणजे शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत सोडायचे दिवस. फवारणीची वही तारीखवार लिहावी लागते. अवकाळी पाऊस येऊन डाऊनी रोग दिसला की रात्री बसून हिशेब होतो: हे औषध मारलं तर बाग वाचेल, पण तोडणी इतके दिवस पुढे जाईल. काही युरोपीय सुपरमार्केट कायद्याच्याही पुढे जातात. मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश हवा, औषधंही मोजकीच हवीत. त्याच शिवारातली लोकल बाजारात जाणारी पेटी मात्र अशा प्लॉटवार तपासणीशिवाय निघते. आपण खातो ती ही.

1 जानेवारी 2021 पासून ब्रिटन युरोपच्या एकत्रित बाजारातून बाहेर आहे आणि आपल्या मर्यादा आपण ठरवतं. लंडनला आणि रॉटरडॅमला एकाच हंगामात माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला आता दोन रकाने बघावे लागतात. बेलफास्ट त्याच ब्रिटनमध्ये, पण उत्तर आयर्लंडला युरोपचे नियम लागू. थेट तिथे उतरायच्या पेटीसाठी बघायचा तो रॉटरडॅमचाच रकाना.