घरच्या आजारपणाला रजा कुठली?

नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतला कामगार आजारी पडला, तर ईएसआयमधून उपचारांबरोबर ७० टक्के वेतनही मिळते. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला पक्षाघात झाला, तर उपचार होतात; पण तिच्या सेवेसाठी तो घरी राहिला, तर हातात काही नाही.

पक्षाघातानंतर सुधारणा सर्वाधिक होते ती पहिल्या ३ महिन्यांत. रुग्णाला दर २ तासांनी कुशीवर वळवायचे, व्यायाम करून घ्यायचे. हे सगळे घरीच. त्यासाठी असते २० दिवसांच्या कामामागे १ दिवस साठणारी भरपगारी रजा. तिचा अर्ज १९४८ च्या कारखाने कायद्याने १५ दिवस आधी मागितला. सूट फक्त स्वतःच्या आजारपणाला. पक्षाघात काय कळवून येतो?

सरकारी कर्मचाऱ्याला निदान बिनपगारी ‘असाधारण रजा’ मागता येते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा सेवेसाठी वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा हा हक्कच आहे. आपल्याकडे खासगी नोकरीत सारे साहेबांच्या मर्जीवर. त्यामुळे तोंडी ‘बघू’वर विसंबू नये, अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. सलग १० दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तन धरली जाते.