भूमिहीनांची शेती – चार भिंतींच्या आत

बीड जिल्ह्यात शेती म्हटली की आधी जमीन आणि मग पाणी हे दोन प्रश्न उभे राहतात. ज्यांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही, त्यांनी काय करावे? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते याच प्रश्नासाठी. मराठवाड्यातील गायरानाचा लढा अजून संपलेला नाही व तो सोडूनही चालणार नाही. परंतु सातबारा हाती येईपर्यंत चूल पेटलीच पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि मुलांची शाळा बुडते. म्हणून एका खोलीत, जमिनीशिवाय करता येणाऱ्या शेतीची माहिती येथे देत आहोत. ही शेती म्हणजे धिंगरी अळिंबी. बाजारात हिला ऑयस्टर मशरूम म्हणतात.

बंद जागेत थरावर थर रचून पिके घेण्याची कल्पना आज जगभर गाजते आहे. पण दिव्यांच्या उजेडात भाजीपाला पिकवायचा तर विजेचा आणि यंत्रांचा खर्च अफाट येतो. अमेरिकेतील एरोफार्म्स ही मोठी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि बोअरी ही कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. अळिंबीचे तसे नाही. ती बुरशीवर्गातील असल्यामुळे तिला वाढीसाठी सूर्यप्रकाश लागत नाही. तिचे अन्न म्हणजे काड, आणि ते आपल्याकडे शिवारात पडलेले असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत १९६२ च्या सुमारास धिंगरीच्या लागवडीचे काम झाले. तेव्हापासून ही पद्धत आपल्या देशात रुळलेली आहे.

पद्धत अशी आहे. गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट किंवा बाजरीचे सरमाड घ्यावे. ते कोरडे, नवे व न भिजलेले असावे. त्याचे दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करून पोत्यात भरावेत व रात्रभर पाण्यात भिजवावेत. नंतर ते ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात तासभर ठेवावेत, म्हणजे नको त्या बुरशीचा नाश होतो. मग काड निथळू द्यावे. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण थेंब पडू नये, ही ओलाव्याची खूण. प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर, त्यावर बियाणे, पुन्हा काड, असे भरत जावे. बियाणे ओल्या काडाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के लागते. पिशवीचे तोंड बांधून तिला सुईने भोके पाडावीत.

या पिशव्या अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत १५ ते २० दिवस ठेवाव्यात. आतले काड पांढऱ्या तंतूंनी घट्ट बांधले गेले की पिशवी कापून काढावी आणि तो गठ्ठा बांबूच्या मांडणीवर ठेवावा किंवा दोरीने टांगावा. येथून पुढे खोलीत मोकळी हवा व थोडा उजेड हवा. दांडे लांब व छत्र्या लहान दिसू लागल्या, तर हवा कमी पडते असे समजावे. भिंतींना ओले गोणपाट लावून दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा द्यावा. साधारण आठवडाभरात पहिली तोडणी होते व पुढे आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन होतात. १ किलो कोरड्या काडापासून सर्व मिळून ६०० ते ८०० ग्रॅम ताजी अळिंबी मिळू शकते. दहा फूट लांब-रुंद खोलीत तीन मजली मांडणी केली तर शंभरएक पिशव्या बसतात. उरलेल्या काडाचे खत होते. हिरवी बुरशी आलेली पिशवी मात्र लगेच बाहेर काढून दूर पुरावी आणि तोडणी करताना नाका-तोंडाला फडके बांधावे, कारण तिच्या बीजकणांनी खोकला होतो.

धिंगरीला २० ते ३० अंश तापमान मानवते. आपला उन्हाळा तिला सोसत नाही. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यापासून माघापर्यंतच हंगाम धरावा. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ऊसतोडीचे बहुतेक महिने याच हंगामात येतात. घरातील एक माणूस या कामावर गावात राहिला, तरी मुलांची शाळा टिकेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांतच खराब होऊ लागते. तेव्हा आधी गिऱ्हाईक, मग पिशवी, हा क्रम चुकवू नये. बीड, अंबाजोगाई, परळी येथील खानावळी, हॉटेले व भाजीवाले यांना विचारून, आठवड्याला किती किलो खपेल ते वहीत लिहावे आणि तेवढ्याच पिशव्या भराव्यात. उरलेला माल वाळवावा. १० किलोचा सुमारे १ किलो होतो, पण तो महिनोन्महिने टिकतो. 'बियाणे आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्हीच उचलू' असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे. तसेच कर्ज काढून शंभर पिशव्यांनी आरंभ करू नये. दहा पिशव्यांनी करावा व हात बसला की वाढवावे.

प्रशिक्षणासाठी गेवराई तालुक्यातील खामगावचे व अंबाजोगाईचे कृषी विज्ञान केंद्र, तसेच परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ येथे चौकशी करावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे. भांडवलासाठी बचत गट व १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांच्याकडे विचारणा करता येईल.

एका खोलीने गरिबी हटेल, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र दहा घरांनी मिळून बियाणे आणले, एकाच्या गाडीवर सर्वांचा माल गेला, तर पुढच्या दिवाळीला त्यांतील काही घरांना तरी मुकादमाची उचल नाकारता येईल. आपल्या तरुणांनी व भगिनींनी याचा जरूर विचार करावा.