सुटा पार्ट मिळेल का?

ऐंशीच्या दशकापर्यंत पुण्या-मुंबईत गाडी बाळगणाऱ्याला दोन पत्ते पाठ असावे लागत. एक मेकॅनिकचा, दुसरा स्पेअरवाल्याचा. गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसेडर नाहीतर फियाट. फियाटचं नाव १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झालं, पण ते कागदोपत्री. लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. नवीन गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं थांबायचं, त्यामुळे दारातली गाडी काढून टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नसे. ती दुरुस्त व्हायची आणि पुन्हा धावायची. आणि दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळच असायची: डेल्कोचा पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, क्लचची केबल, पेट्रोल पंपाचा डायफ्राम.

कंपनीच्या डीलरकडे यातलं बरंचसं मिळायचं, निदान मिळायला हवं होतं. ‘माल आलेला नाही’ हे तिथलं ठरलेलं उत्तर. मग मुंबईकर ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या दुकानांकडे वळायचा आणि पुणेकर नाना पेठेकडे. दुकानात पाय टाकला की पहिला प्रश्न, ‘सॅम्पल आणलंय?’ खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तेलकट तुकडा काढून काउंटरवर ठेवायचा. दुकानदार तो बोटांत फिरवणार, आतल्या पोऱ्याला ओरडून काहीतरी सांगणार आणि पोऱ्या माळ्यावर चढणार. दोन-तीन डबे खाली यायचे. एक ओरिजिनल, एक ‘चांगल्यातला लोकल’ आणि तिसरा, ज्याच्याबद्दल दुकानदार स्वतःहून फार बोलत नसे. भाव तोंडी. ओळख असेल तर कमी, घाईत दिसलात तर जास्त. बाहेर पाटी: इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही.

या बाजाराच्या आठवणी काढताना लोक हळवे होतात, मी होत नाही. डुप्लिकेट माल सर्रास खपायचा. रबराचा बुश दिसायला अस्सल आणि पहिल्या पावसाळ्यात भुगा, हा अनुभव घरोघरचा. पण त्या बाजारात एक गोष्ट पक्की होती. खराब झालं असेल तेवढंच विकत मिळायचं. कार्ब्युरेटर गळायला लागला तर कुणी नवा कार्ब्युरेटर दाखवत नसे. गॅस्केट, सुई आणि सील यांचं किट मिळायचं. व्हील सिलिंडर गेला तर आतले रबरी कप मिळायचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी इतकी वर्षं चालवली ती याच जोरावर. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी गाडी येणं थांबल्यावरही काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी सुटे भाग मिळत राहिले, कारण गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि स्पेअरचा धंदाच बदलला. सुरुवातीला गाडीचा मोठा भाग जपानहून यायचा. १९८५ नंतर येन वधारला, तसा आयात भाग परवडेना आणि कंपनीने इथले पुरवठादार उभे करण्याचा वेग वाढवला. त्याचं फळ काउंटरवर दिसलं. सीलबंद पाकीट, त्यावर पार्ट नंबर आणि छापील किंमत. सॅम्पलऐवजी चासी नंबर विचारला जाऊ लागला. डीलरच्या स्पेअर विभागात खिडकीमागे जाडजूड कॅटलॉग असायचा. गाडीचा एकेक भाग सुटा सुटा करून, नट-वायसरसकट, रेखाटलेली चित्रं आणि प्रत्येक तुकड्यापुढे आकडा. काउंटरवरचा जुना माणूस ते पुस्तक क्वचितच उघडे. दरवाजाच्या पॅडची क्लिप म्हटली की नंबर त्याच्या तोंडून आधी यायचा आणि हात नंतर खणात जायचा.

ती क्लिप मला त्या काळाची खरी खूण वाटते. पांढरी, नखाएवढी, प्लास्टिकची. काच वर-खाली करायचं मशीन बघण्यासाठी पॅड उचकटलं की दोन-चार क्लिपा तुटायच्याच, कारण त्या पुन्हा काढण्यासाठी बनवलेल्याच नसतात. नव्या घातल्या नाहीत तर पॅड खड्ड्याखड्ड्याला वाजतं. डीलरकडे त्या पाकिटात मिळायच्या, चहाच्या पैशांत. फियाटवाल्याने त्या जागी स्क्रू मारला असता.

नव्वदच्या दशकात परदेशी गाड्या आल्या आणि त्यांचे सुटे भाग हा वेगळा अध्याय सुरू झाला. कल्याणला बनलेली पूजो ३०९ काही वर्षांतच थांबली. देवूची सिएलो आणि मॅटिझ रस्त्यावर होत्या, पण कंपनीच बुडाली. या गाड्यांच्या मालकांनी आरशाच्या एका काचेसाठी काय काय केलं हे त्यांनाच विचारावं. पुढे फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न ‘स्पेअरचं काय?’ हाच होता आणि कंपनीला सर्व्हिस व स्पेअर चालू ठेवण्याचं आश्वासन द्यावं लागलं.

दोन हजारानंतर मात्र सगळ्यांच्याच शोरूमचं रूप पालटलं. स्पेअरची खिडकी मागच्या बाजूला गेली आणि पुढे आला टाय घातलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर. त्याच्या टॅबवर भाग नसतात, असेंब्ली असतात. लोअर आर्मचा बुश खाल्लाय? अख्खा आर्म. ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलंय? अख्खा शाफ्ट. हे बूट म्हणजे ग्रीस धरून ठेवणारी घडीघडीची रबरी टोपी. फाटली की ग्रीस उडतं, माती आत जाते आणि काही दिवसांत जॉइंट कटकट वाजायला लागतो. वेळेत लक्षात आलं तर बूट आणि ग्रीसचं पाकीट एवढ्यावर भागतं. एका डीलरकडे मला ‘बूट वेगळं येतच नाही’ असं सांगून शाफ्टचं एस्टिमेट हातात दिलं होतं. त्याच कंपनीच्या पाकिटातलं बूट गावातल्या दुकानात टांगलेलं होतं.

दर वेळी लबाडीच असते असं नाही. बुश काढून नवा बसवायला प्रेस लागतो, हात लागतो, वेळ लागतो. वाकडा बसला तर गिऱ्हाईक भांडायला हजर. आर्म बदलायला चार बोल्ट पुरतात आणि वॉरंटीही देता येते. शिवाय प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक पिढीचा प्रत्येक तुकडा गोदामात ठेवणं खर्चाचं. स्विफ्टच घ्या. २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशा तिच्या चार पिढ्या झाल्या, आणि एकाच पिढीतही पार्ट बदलतात. काही गोष्टी तर खरोखरच सुट्या राहिलेल्या नाहीत. पूर्वीच्या हॅलोजनचा एच-४ बल्ब कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे मिळायचा. आजचा एलईडी हेडलाइट सीलबंद असतो. बल्ब नाही, फक्त दिवा. त्याचा एक कान तुटला तरी एस्टिमेटमध्ये अख्खा दिवा येतो. तो कान प्लास्टिक वेल्डिंगने जोडून देणारे कारागीर आहेत, आणि चांगला जोडतात.

पण सुटे भाग असतानाही ते बाहेर न विकण्याचा प्रकार होता, आणि तो सरकारदरबारी नोंदला गेला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल स्पेअर आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात येऊ न देणं, पार्ट बनवणाऱ्या पुरवठादारांना ते परस्पर विकू न देणं, असे ठपके होते. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलांत मूळ निष्कर्ष मान्य केला, दंड मात्र कमी केला. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला; त्याआधी बहुतेकांवर २८ होता.

आज पार्ट शोधणं मात्र कधी नव्हे इतकं सोपं आहे. सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर टाकला की मोबाइलवर तेच जुनं सुटं सुटं चित्र उघडतं, खाली नंबर आणि किंमत. पूर्वी काउंटरमागच्या एका माणसाच्या डोक्यात असलेली माहिती आता गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. अडतं ते विकत घेताना. डीलरच्या काउंटरवर दोन क्लिपा मागितल्या तर ‘गाडी आत लावा, बघू’ म्हणतात, किंवा आगाऊ पैसे भरून चार दिवसांनी या. दुकानं आणि ऑनलाइन विक्रेते तोच पार्ट घरपोच देतात. फक्त पाकिटावरचं नाव, होलोग्राम आणि नंबर बघून घ्यावं लागतं, कारण डुप्लिकेटवालेही ऑनलाइन आलेच आहेत.

तेव्हा गाडी सर्व्हिसला द्याल तेव्हा एस्टिमेटवर प्रत्येक ओळीपुढे पार्ट नंबर लिहून मागा. तो नंबर घरी बसून चित्रात शोधा. आतला तुकडा वेगळा नंबर घेऊन बसलेला दिसला तर तो सुटा मागवता येतो, हे अ‍ॅडव्हायजरला दाखवा. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. त्याचे पैसे तुम्ही कधीच भरलेले असतात.